लालीबाईचं नाक

मोहाचं पोतं गाडीच्या डिकीत ठेवताना माझ्या मनात एकच भीती होती, ती म्हणजे साधनाला कळलं तर काय होईल. त्या पोत्यावर ठेवलेल्या कॉफीच्या पिशव्यांचं काय होईल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. चौतीस वर्षं नेरच्या शाळेत भूगोल शिकवला मी. 'कॉफीला उतारावरची, पाण्याचा निचरा होणारी जमीन व सावली लागते' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहून दिलं आणि त्याचे दोन गुणही दिले. कॉफीला नाक असतं, शेजारचा वास ती ओढून घेते, हे पुस्तकात नव्हतं.

झालं असं, की मार्चमध्ये मी चिखलदऱ्याला चार दिवस हवा खायला गेलो होतो. परत येताना चहाच्या टपरीवर एका भल्या माणसाने माझ्या चालण्याकडे बघून सांगितलं, की मोहफुलांचे लाडू खाल्ले तर गुडघे पुन्हा विशीतले होतात. गुडघ्यांच्या बाबतीत माणूस फार भोळा असतो. मी अर्धं पोतं अर्धवट वाळलेली मोहफुलं घेतली. घेतल्यावर लक्षात आलं, की नेरमध्ये एका निवृत्त मास्तरच्या गाडीतून मोहाचं पोतं उतरताना कुणी पाहिलं, तर संध्याकाळपर्यंत सगळा बाजार विचारील, "काय गुरुजी, भट्टी कधी लावता?" आणि साधना तर विचारायचीही नाही, नुसती बघेल. म्हणून ते पोतं डिकीत तळाला आडवं घातलं, वर चटई अंथरली, आणि चटईवर ठेवल्या कॉफीच्या तीन पिशव्या. कापडी, तोंडाला लाख लावलेल्या, एक-दोन-तीन असे आकडे घातलेल्या.

"सर, ऊन लागू देऊ नका," पिशव्या देताना तिथल्या कॉफीवाल्यांचा गट चालवणारा इंद्रजित म्हणाला होता. मी ऊन अजिबात लागू दिलं नाही. वाटेत अमरावतीला मावसभावाकडे लग्न निघालं, तिथे दोन दिवस राहिलो. दोन्ही दिवस गाडी बंद, काचा वर, मार्चचं ऊन टपावर. नेरला पोचलो तेव्हा गाडीत एक गोडसर, जडसर वास भरला होता. मला वाटलं, लग्नातल्या बुंदीचा असेल.

या तीन पिशव्या होत्या लालीबाई राठोड यांच्या परीक्षेसाठी. ज्यांच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणी परीक्षा मांडली होती, त्या बाईचा पेपर मी वर्गात पोचण्याआधीच भिजवून टाकला होता.

लालीबाई नेरपासून सहा किलोमीटरवरच्या तांड्यावर राहतात आणि आमच्या घरामागच्या डाळ मिलमध्ये तूर निवडतात. त्यांची आमची ओळख झाली ती भांडणातून. एकदा उन्हात चक्कर आली म्हणून साधनाने त्यांना घरात बसवलं आणि कॉफी दिली. साधनाच्या कॉफीला आमच्या नात्यात मान आहे. लालीबाईंनी कप नाकाशी नेला, खाली ठेवला, आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "बाई, यात कॉफी कुठं हाय?"

साधनाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे काय? चांगल्या कंपनीची आहे!"

"पुडा आना बरं." पुडा आणला. लालीबाईंनी पुडा उलटा करून, मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे पाहा. एक्कावन कॉफी, एकोनपन्नास चिकरी. चिकरी म्हंजे मुळी असते, भाजलेली. लिहाच लागते पुड्यावर, कायदा हाय. म्हनून लिहतात, अन् बारीक लिहतात."

वीस वर्षं आम्ही भाजलेली मुळी पीत होतो आणि पाहुण्यांना आग्रह करत होतो. मी त्या दिवशी लालीबाईंचा विद्यार्थी झालो. साधनाला मात्र विद्यार्थिनी व्हायला आठवडा लागला.

अठरा वर्षांच्या असताना त्या नवऱ्याबरोबर, म्हणजे उकंडाबरोबर, टोळीतून कर्नाटकात ऊस तोडायला गेल्या. तिथून मुकादमाने तीन महिन्यांसाठी म्हणून चिकमगळूरकडच्या डोंगरात कॉफीची फळं तोडायला नेलं, आणि ते तीन महिने चोवीस वर्षं चालले. हिरवं फळ तोडलं की शिवी, पिकून काळं पडलेलं तोडलं की दुसरी शिवी. त्या शिव्यांमधून लालीबाई कन्नड शिकल्या. मग डोंगराखालच्या कारखान्यात बसल्या. एक पांढरा पट्टा सरकत राहायचा, त्यावरून कच्च्या कॉफीचे दाणे वाहत यायचे, आणि दोन्ही बाजूंना चाळीस बाया मान खाली घालून काळा, फुटका, किडका दाणा वेचून टाकायच्या.

"त्याईचे नंबर असतात, गुरुजी," त्या मला समजावत. "चाळनीवर जो सगळ्यात मोठा दाना राह्यते तो डबल ए. त्याच्या खाली ए, मंग बी, मंग सी. फळात जोडीनं दोन दाने असतात, पन एखाद्या फळात एकच येते, गोल, वाटान्यावानी. तो पी.बी., त्याची पिशवी अलग. अन् जे काळं, फुटकं, भुरकं उरते, ते तीन बी."

"त्या तीन बीचं काय करतात?"

"तुमच्यासारख्याईले विकतात."

मोठा दाणा म्हणजे चांगली कॉफी, असं मी एकदा बोलून गेलो, तर त्या एखाद्या इन्स्पेक्टरसारख्या माझ्याकडे वळल्या. दाणा चाळणी मोजते, चव जीभ मोजते, आणि दोन्हींचे कागद वेगळे, असं त्यांनी मला ठणकावलं. एका डोंगराचा दाणा दुसऱ्या डोंगराच्या नावाने विकायचा नाही, त्याला सरकारचं मानांकन असतं. चव चाखून, दोष मोजून, मगच पोत्यावर डोंगराचं नाव. हे सगळं सांगणारी बाई तुरीच्या धुळीने पांढरी झालेली असायची.

जिभेच्या खोलीत, म्हणजे चव तपासायच्या खोलीत, त्या शिरल्या त्या कप विसळायला. तिथे एक म्हातारे साहेब होते चाखणारे. एकाच पोत्यातली कॉफी ते पाच कपांत ओतायचे, कारण एक नासका दाणा एकाच कपात सापडतो. एके दिवशी विसळायला कप उचलता उचलता लालीबाईंनी पाचातला एक कप बोटाने बाजूला सरकवला. "साहेब, यात कायतरी हाय." साहेबांनी चमचा घेतला, सुर्रकन ओढलं, थुंकले, आणि तो कप बाद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चमचा लालीबाईंच्या हातात दिला.

त्यानंतर बारा वर्षं ही नेर तालुक्यातली बंजारा बाई त्या साहेबांच्या शेजारी उभी राहून, अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असा सुर्रकन आवाज करत कॉफी चाखत होती. त्यासाठी तंबाखू सोडली. सुपारी सोडली. लसूण सोडला, डोक्याचं वासाचं तेल सोडलं. तंबाखू सोडलेली बाई म्हणून तांड्यावर तिची कीर्ती झाली, आणि जावा तिला 'साहेबीण' म्हणू लागल्या, कौतुकाने नाही. अहवालावर सही मात्र साहेबांची असायची. लालीबाईंचं नाव एकाही कागदावर कुठे आलं नाही.

मग कारखान्यात कॅमेऱ्याचं यंत्र आलं. "काळा दाना दिसला का फुर्रकन हवा मारते, दाना उडून जाते," त्या सांगत. "दाने उडले, तसे आमी चाळीस जनीबी उडलो." साहेब निवृत्त झाले. नव्या साहेबांना प्रमाणपत्र असलेली माणसं हवी होती. लालीबाईंकडे एक चमचा होता.

चिखलदऱ्याच्या डोंगरातही थोडी कॉफी होते. तिथल्या काही घरांनी मिळून एक गट केलाय, आणि इंद्रजित हा शेतीचं शिकलेला तरुण तो चालवतो. दिवाळीत मी त्याच्यापुढे लालीबाईंच्या नाकाचं असं वर्णन केलं, की मलाच ते नाक आपलं असल्यासारखं वाटू लागलं. इंद्रजितची अडचण खरी होती. प्रत्येक नमुना दक्षिणेतल्या प्रयोगशाळेत जायचा आणि उत्तर यायला दीड महिना लागायचा. तोवर व्यापारी चांगलं-वाईट एकत्र करून उचलून न्यायचा. आपल्या डोंगराचं नाव पोत्यावर लावायचं, तर चांगलं वेगळं काढणारं आणि वाईटाला वाईट म्हणणारं कुणीतरी जागेवर हवं होतं.

"प्रमाणपत्र नसलं तरी चालेल," तो म्हणाला. "तीन पिशव्या पाठवतो. त्यातलेच नमुने प्रयोगशाळेतही जातील. मावशींचा अहवाल आणि त्यांचा अहवाल जुळला, की हंगामभर तपासणीचं काम मावशींचं. सहीसुद्धा मावशींचीच."

हे मी लालीबाईंना सांगितलं तेव्हा बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही. "सही माह्यी?" त्यांनी तीनदा विचारलं. डाळ मिलच्या धुळीने गेली दोन वर्षं त्यांना सकाळी उठल्या उठल्या नाक चोंदल्यासारखं वाटत होतं. उरलेलं नाक संपायच्या आत ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढंच त्यांना हवं होतं. साधनाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांना सही घालून दिली. जानेवारी ते ऑगस्ट, आठ पानं त्यांनी 'लाली उ. राठोड' लिहून भरली.

अशा बाईपुढे मी त्या तीन पिशव्या ठेवल्या.

परीक्षा आमच्या स्वयंपाकघरात झाली, कारण तांड्यावर चुलीचा धूर. आदल्या दिवशीच लालीबाईंचा हुकूम सुटला होता, त्याप्रमाणे साधनाने हिंगाची डबी आणि लसूण गच्चीवर नेऊन ठेवला, आणि मला उदबत्ती लावायला बंदी केली. लालीबाई न्हाऊन आल्या होत्या. इंद्रजितने दिलेल्या चाळण्या, स्टीलची ताटं, पांढरा कागद. लाख फोडली, दाणे ताटात ओतले, आणि त्यांची बोटं चालू लागली. मी आयुष्यात हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण असा हात माझा कधी चालला नाही. दोन तासांत तिन्ही पिशव्यांचे मोठे, मधले, लहान, गोल, फुटके असे ढीग लागले. आकडे त्या बोलत होत्या, साधना लिहून घेत होती.

मग त्यांनी पहिल्या पिशवीतले ओंजळभर कच्चे दाणे घेतले आणि त्यात तोंड खुपसलं. बराच वेळ वर आल्या नाहीत. वर आल्या तेव्हा कपाळाला आठी होती. दुसरी ओंजळ. तिसरी.

"गुरुजी, बाहेर काही वाळू घातलं का कोनं?"

"नाही. का?"

"मोहाचा वास येऊन राह्यला."

माझी डिकी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून पंधरा फुटांवर होती, आणि पोतं अजून तिच्यातच होतं. त्या क्षणी तोंड उघडलं असतं, तर हे एवढं लिहायची वेळ आली नसती. पण साधना समोर वही घेऊन बसली होती. मी म्हणालो, "मार्च आहे. येत असेल कुठूनतरी."

लालीबाईंनी आपला पदर नाकाशी नेला. हुंगला. मग मनगट. मग केस. "माह्याच आंगाले हाय," त्या हळूच म्हणाल्या. "तांड्यावर घरोघरी मोह वाळून राह्यला. म्याच घेऊन आली."

त्यांनी दाणे भाजले, कुटले, कप मांडले, पाणी ओतलं, चमचा घेतला, सुर्रकन ओढलं, थुंकल्या. दुसरा कप. तिसरा. पंधरा कप झाले आणि त्या पाटावर बसल्या त्या बसूनच राहिल्या. "तिन्हीत एकच वास," त्या म्हणाल्या. "तीन अलग उतारावरची कॉफी, अन् वास एक? असं होत नाई, गुरुजी. पिशवीत नाई हे. माह्या नाकात हाय."

चाखणाऱ्या माणसाला याहून भयंकर दुसरं वाक्य नाही. तबलजीच्या कानात कायमची शीळ बसावी, तसं. अहवाल द्यायला चार दिवस होते, आणि लालीबाईंनी त्या चार दिवसांत आपल्या नाकातून मोह काढायचा ठरवलं.

पहिल्यांदा त्या तांड्यावर गेल्या आणि अंगणात वाळत घातलेला मोह दोन्ही हातांनी गोळा करून उकंडाच्या अंगावर टाकला. उकंडा गरीब स्वभावाचा माणूस. दोन बकऱ्या आणि एक रेडिओ एवढाच त्याचा संसार. त्याने नंतर मला हे सगळं सांगितलं, पण तेव्हा त्यालाही राग आला होता.

"अवो, मोह पडते तं मी काय करू? झाडाले दट्ट्या लावू?"

"दूर नेऊन वाळव. मले वास नको."

"सारा तांडाच वाळवून राह्यला! तुह्या नाकासाठी तांडा उचलून ठेवू का?"

"मंग मीच जातो," असं म्हणून त्या निघाल्या आणि आमच्याकडे आल्या. मिलमधून रजा काढली. रिठ्याने तीनदा न्हाल्या. बांगड्या, डोरलं, कानातलं सगळं राखेनं घासलं. अंगावरचे कपडे गच्चीवर नेऊन टांगले आणि साधनाची एक जुनी, धुवट साडी नेसल्या. जेवायला दहीभात, तोही फोडणीशिवाय. दर दोन तासांनी त्या पिशवीकडे जायच्या, लाख फोडलेलं तोंड उघडायच्या, आत श्वास घ्यायच्या, आणि पिशवी बंद करून तिथेच भिंतीला टेकायच्या. त्यांच्या अंगावरचा मोह कधीच गेला होता. पिशवीतला कुठे जाणार?

दुसऱ्या दिवशी साधनाने त्यांचं नाक तपासायचं ठरवलं. डोळ्यांवर फडकं बांधलं आणि एकेक वस्तू पुढे केली. जिरं आणि शहाजिरं ओळखलं. गुळाच्या दोन ढेपांमधली जुनी कोणती ते सांगितलं. कोऱ्या पाण्यात माठाचं कोणतं आणि नळाचं कोणतं तेही. शेवटी साधनाने माझे दोन शर्ट आणले.

"हा धुतलेला. हा गुरुजींचा, कालचा," लालीबाई म्हणाल्या.

"बरोबर!" साधना म्हणाली.

"थांबा. कालचा नाई, परवाचा."

परवाचाच होता. साधनाने माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही तिघंही हसलो. हसता हसता लालीबाईंनी डोळ्यांवरचं फडकं काढलं, आणि ते तसंच तोंडावर धरून त्या रडायला लागल्या. "सारं येते, बाई. सारं कळते. मंग मोह काहून येते?"

मी अंगणात गेलो. डिकी उघडली. पोतं उचलून मागच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या गोठ्यात टाकून आलो. गाईंनी ते आनंदाने खाल्लं असेल. परत येताना मी पक्कं ठरवलं, की आता सांगायचंच. घरात शिरलो तर साधना त्यांना पोटाशी धरून बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुम्ही तरी समजवा त्यांना." आणि मी, सांगायच्या ऐवजी, समजवायला बसलो. उन्हाळ्यात नाकाची त्वचा कोरडी पडते वगैरे. भूगोलाच्या मास्तरने शरीरशास्त्र शिकवलं की असंच होतं.

चौथ्या दिवशी अहवाल लिहायचा होता. आकाराचे आकडे तयार होते, दोषांचेही. एकच रकाना रिकामा होता, वास आणि चव.

"मी सांगते ते ऐका," साधना म्हणाली. "दाणे किती स्वच्छ आहेत ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. वासाच्या जागी 'चांगला' लिहा. तुमच्या नाकाला दोन दिवस काही झालं असेल, त्यात कॉफीचा काय दोष?"

लालीबाईंनी कागद पुढे ओढला. 'चांगला' लिहिलं तर बहुतेक जुळेल, हे त्यांनाही कळत होतं. तीन उतारांवरची निवडक कॉफी वाईट पाठवेल कोण? 'चांगला' लिहिलं की हंगामभर काम, आणि प्रत्येक पोत्याच्या कागदावर 'लाली उ. राठोड'. मोह लिहिलं, आणि तो फक्त आपल्या नाकात असला, तर सगळं संपलं.

"नाकाले जे आलं ते लिहाच लागते, बाई," त्या म्हणाल्या. "नाई तं सही कायची?"

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर थांबून, लिहिलं: 'तिनी पिशवीले परका वास. मोह. डोंगराचं नाव लावू नये.' खाली सही केली. सहीला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग तो कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. मी माझ्या फोनने त्याचा फोटो काढला आणि माझ्याच अंगठ्याने तो इंद्रजितला पाठवला. तेव्हासुद्धा मी बोललो नाही. मनात म्हणालो, इंद्रजित समजूतदार आहे, काहीतरी मार्ग निघेल. घाबरट माणसाला जगातले सगळे लोक समजूतदार वाटतात.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, इंद्रजितचा फोन आला. प्रयोगशाळेने या वेळी लवकर उत्तर दिलं होतं. लालीबाई मिलमधून धावतच आल्या, डोक्यावर तुरीची टरफलं तशीच. मी फोन मोठ्या आवाजात लावला.

"मावशी, चाळणीचे आकडे बघून मी थक्क झालो. तंतोतंत. दोषांमध्ये फक्त एका दाण्याचा फरक."

लालीबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"पण वास जुळला नाही, मावशी. त्यांनी तिन्ही नमुने निर्दोष ठरवलेत. दोन तर फार उत्तम. तुम्ही तिन्हींना नाव लावू नये म्हटलंय."

"एकाबी पिशवीले नाई, साहेब?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "थोडासाबी?"

"नाही, मावशी. मोहाचा तर प्रश्नच नाही. मला फार वाईट वाटतंय. पण तुमच्या शब्दावर मी ही कॉफी बाजूला टाकली असती, तर तीन घरांचं वर्ष गेलं असतं. ती जबाबदारी मी नाही घेऊ शकत. चिकमगळूरकडचा एक मुलगा आहे, प्रमाणपत्रवाला. सोमवारी त्याला पत्र देतोय."

"बराबर हाय तुमचं," लालीबाई म्हणाल्या. "तीन घरं खराब झाले असते माह्यामुळे." त्यांनी माझा हात सोडला. फोन बंद झाल्यावर त्या उठल्या, साधनाची धुवट साडी घडी करून तिच्या हातात दिली, आणि म्हणाल्या, "चमचा तुमच्याचकडे राहू द्या, बाई. पोहे खायले होईल." साधनाने त्यांना थांबवायचा खूप प्रयत्न केला. त्या थांबल्या नाहीत.

शनिवारी दुपारी मला राहवेना. मी मिलच्या मागच्या शेडमध्ये गेलो. जेवणाची सुट्टी होती. दहा-बारा बाया सावलीत बसल्या होत्या, आणि त्यांच्यात लालीबाई होत्या. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकचा तुकडा होता आणि त्यावर त्या तळहाताने खर्रा घोटत होत्या. सुपारी, तंबाखू, चुना, जे जे म्हणून नाकाचा आणि जिभेचा जीव घेतं ते सगळं. एका कोपऱ्यात लसणाची चटणी लावलेली अर्धी भाकर पडली होती.

"या गुरुजी," त्या म्हणाल्या. तोंडात आधीचाच घास होता, त्यामुळे बोलणं जाड झालं होतं. "बसा."

"लालीबाई, हे काय करताय?"

"काय करून राह्यली? खर्रा घोटून राह्यली."

"इतकी वर्षं तुम्ही..."

"मंग? आता कोनाले काय चाखून दाखवाचं हाय? नाकानं लबाडी केली. ज्या नाकानं तीन घरं बुडवले असते ते सांभाळून करू काय?" शेजारची एक बाई हसली आणि म्हणाली, "साहेबीण मानसात आली!" लालीबाईसुद्धा हसल्या. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग मी सांगितलं. त्या सगळ्या बायांच्या समोर सांगितलं, कारण आता लाज धरायला जागा उरली नव्हती. गुडघे सांगितले, टपरीवरचा माणूस सांगितला, पोतं सांगितलं, चटई सांगितली, अमरावतीचं लग्न, दोन दिवसांचं ऊन, वर केलेल्या काचा. स्वयंपाकघरात तुम्ही मोह म्हणालात तेव्हा मला कळलं होतं, हेही सांगितलं. तुम्हाला रडताना बघून मी पोतं गोठ्यात टाकून आलो, हेही. प्रयोगशाळेतले नमुने दुसऱ्या वाटेने गेले, म्हणून ते शुद्ध राहिले. वास तुमच्या पिशव्यांतच होता, तुमच्या नाकात नव्हता.

मघाची बाई तोंडावर पदर धरून बसली. लालीबाईंचा तळहात खर्ऱ्यावर होता तसाच थांबला.

"पोतं खाली व्हतं? पिशव्या वरतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कापडाच्या पिशव्या. बंद गाडी. दोन दिवस."

"हो."

त्या उठल्या. कोपऱ्यातल्या ड्रममधून तांब्याभर पाणी घेतलं, चूळ भरली, थुंकल्या. पुन्हा भरली. पाच-सहा वेळा, बोटाने दात घासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पदराने तोंड पुसत त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या खिशात फोन होता आणि मी हात जोडले होते.

"माझं फार चुकलं, लालीबाई," मी म्हणालो. "तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

"मले काहून सांगून राह्यले, गुरुजी? इंद्रजित साहेबाले सांगा."